एकच कंपाऊंड, दोन रंगांचा उजेड: सुया निळ्या, खडे पिवळे, आणि गाइड म्हणतात इम्प्युरिटी

लॅबमधली_मैना

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. एमएस्सी पार्ट टू, ऑर्गॅनिक, प्रोजेक्ट चालू आहे. कंपाऊंडचं पूर्ण स्ट्रक्चर इथं टाकता येणार नाही (गाइड ओरडतील) पण एवढं सांगते की एका टोकाला पायरीन (चार बेंझीन रिंगांची चपटी घडी) आहे, मधे अमाइड, दुसऱ्या टोकाला बेंझीनची रिंग आणि तिला एक लांबट शेपूट. मॉलिक्यूलर वेट ४०० च्या आसपास.

झालं असं की इथिल अ‍ॅसिटेट-हेक्झेनमधून क्रिस्टल केले तर बारीक लांब सुया आल्या, यूव्ही टॉर्चखाली (३६५ वाली) मस्त निळ्या चमकतात. त्याच बॅचमधलं थोडं क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून वायलचं झाकण सैल ठेवून विसरून गेले, आठवड्यानं बघितलं तर जाडजूड पारदर्शक खडे, आणि टॉर्च मारला तर हिरवट पिवळे! मला वाटलं वायल बदलली कुणीतरी. शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये हातापाया पडून स्पेक्ट्रम काढले, सुयांचं एमिशन ४४० नॅनोमीटर आणि खड्यांचं ५१५. दोन्ही परत विरघळवून पातळ सोल्युशन केलं की दोन्हीचा उजेड एकदम सारखा. टीएलसीला (शुद्धतेची चाचणी) एकच स्पॉट. एनएमआर (मॉलिक्यूलची ओळख पटवणारा स्पेक्ट्रम) सीडीसीएल३ मध्ये, म्हणजे ड्युटेरियमवाल्या क्लोरोफॉर्ममध्ये, काढला, एकावर एक ठेवला तर तंतोतंत. मेल्टिंग पॉइंट पण तोच, फक्त खडे कॅपिलरीत आधी पांढरे पडतात मग वितळतात. आणि हो, खडे उघड्यावर राहिले तर दोनतीन दिवसांत कडेनं धुरकट होतात, ते बहुतेक धुळीमुळे असेल.

अजून एक गंमत, निळ्या सुया अ‍ॅगेटच्या खलात घोटल्या तर त्याही हिरवट पिवळ्या होतात, आणि ती पावडर इथिल अ‍ॅसिटेटच्या वाफेवर दहा मिनिटं धरली की परत निळी. चारपाच वेळा केलं, दर वेळी होतंय. लॅबमधली सगळी पोरं बघायला आली होती.

सरांना दाखवलं तर म्हणाले इम्प्युरिटी आहे, कॉलम (शुद्धीकरण) परत कर. दोन कॉलम केलेत आधीच.

मी थोडं वाचलं तर सगळीकडे लिहिलंय की क्रिस्टलमधल्या वीक इंटरॅक्शन्समुळे असं होतं, पाय-पाय स्टॅकिंग (चपट्या रिंगा एकमेकींवर रचून बसणं), सीएच-ओ हायड्रोजन बाँड वगैरे. पण मला पटत नाहीये. ह्या इंटरॅक्शन्स मोलला ५-१० किलोज्यूलच्या, आणि ४४० ते ५१५ हा फरक मी काढला तर जवळजवळ ४० किलोज्यूल येतो. मग एवढासा जीव असलेली गोष्ट एवढा रंग कशी काय बदलते? बाँड एकही तुटला नाही, नवा झाला नाही. कुणी समजावेल का?


बंड्या_सेंद्रिय

सर बरोबर असू शकतात हां. हसण्यावारी नेऊ नकोस. अँथ्रासीनच्या क्रिस्टलमध्ये टेट्रासीन अगदी किंचित राहिलं तरी निळ्याऐवजी हिरवट उजेड येतो, जुन्या लोकांना हे चांगलं माहिती आहे. क्रिस्टलमध्ये एनर्जी एका मॉलिक्यूलवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते आणि वाटेत कुठं खड्डा असला की तिथं पडते, म्हणजे लाखो मॉलिक्यूलमधला एखादाच घाणेरडा असला तरी सगळा उजेड त्याचाच दिसतो. टीएलसीवर तो स्पॉट तुला जन्मात दिसणार नाही. सोल्युशनमध्ये उड्या मारता येत नाहीत त्यामुळे तिथं सगळं सारखंच. म्हणून तिसरा कॉलम कर, शुभेच्छा.


तिरका_कोन

बंड्याभाऊ, टेट्रासीनचं खरं आहे आणि हा धडा प्रत्येकानं एकदा शिकावाच, पण मैनाच्या केसमध्ये घोटलं की पिवळं आणि वाफ दिली की निळं, तेही चारपाच वेळा. इम्प्युरिटी काय सुट्टीवर जाते का वाफ दिल्यावर? घोटलेल्या सुयांपुरता तरी हा मुद्दा निकालात काढू. खड्यांचं वेगळं असू शकतं, त्यावर नंतर येतो.

मैना, तुझ्या हिशोबात एक घोळ आहे आणि तो सगळ्यांचाच होतो, माझाही दोन वर्षं होता. तू ४० किलोज्यूल एका बाजूला आणि ५-१० दुसऱ्या बाजूला ठेवतेयस, जणू रंग बदलायचे पैसे हायड्रोजन बाँड भरतोय. तो नाही भरत, फोटॉन भरतो. ४४० नॅनोमीटरचा उजेड म्हणजे मोलला २७० किलोज्यूलच्या वर, ५१५ चा म्हणजे २३२. तुझा टॉर्च ३६५ चा, त्यात ३२७ आहेत. पैसा भरपूर आहे. वीक इंटरॅक्शन्स फक्त पंगत मांडतात, कुणाचा पाट कुणाशेजारी, किती अंतरावर, समोरासमोर की जरा सरकून, पाठीला पाठ की तिरकं. जेवणाचा खर्च त्यांच्या खिशातून जात नाही, पण कोण कुणाशी गप्पा मारणार हे पंगत मांडणाराच ठरवतो ना.

आता पंगत मांडायला ५-१० किलोज्यूल पुरतात का? पुरतात, कारण स्पर्धाच तेवढ्याची असते. एकाच कंपाऊंडच्या दोन क्रिस्टल फॉर्ममध्ये एनर्जीचा फरक बहुतेक वेळा दोनचार किलोज्यूलचाच असतो, त्यामुळे एखादा सीएच-ओ इकडचा तिकडे झाला की पारडं फिरतं. सॉल्व्हंट बदलला, थंड करायचा वेग बदलला, कधी कधी वायलच्या काचेवर ओरखडा असला तरी वेगळाच फॉर्म हातात येतो.

मग पायरीनचं काय होतं. एकटं पायरीन पातळ सोल्युशनमध्ये ३७० ते ४०० च्या दरम्यान उजेड देतं, तुझ्यात अमाइड चिकटलाय म्हणून थोडं पुढं सरकलं असेल. सोल्युशन घट्ट करत गेलं की ४७०-४८० च्या आसपास एक रुंद, बिनखाचांचा डोंगर उगवतो, हे फोर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं. त्याला एक्सायमर म्हणतात. यातली खुबी अशी की जमिनीवर असताना, म्हणजे ग्राउंड स्टेटमध्ये, दोन पायरीनना एकमेकांचं फारसं काही नसतं. एकावर फोटॉन पडला की तो शेजाऱ्याला जवळ ओढतो, दोघं मिळून ती एनर्जी वाटून घेतात, आणि वाटून घेतल्यामुळे एक्सायटेड स्टेट खाली बसते. शिवाय उजेड टाकून परत येताना ते ज्या ग्राउंड स्टेटला येतात तिथं दोघं इतके चिकटलेले असतात की ती जागा त्यांना सोयीची नसते, म्हणजे खालची पायरी वर आलेली असते. वरची पायरी खाली, खालची पायरी वर, मधली उडी लहान, उजेड लाल बाजूला, म्हणजे लांब तरंगलांबीकडे. तुझे ४० किलोज्यूल ह्या दोन पायऱ्यांमध्ये आहेत, हायड्रोजन बाँडमध्ये शोधू नकोस.

पण एक्सायमर व्हायला शेजारी साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमवर, तोंडासमोर तोंड करून बसलेला पाहिजे. सोल्युशनमध्ये ते पोहत येऊन भेटतात, क्रिस्टलमध्ये पोहता येत नाही, जिथं बसवलं तिथं बसायचं. शुद्ध पायरीनच्या क्रिस्टलमध्ये ते जोडीजोडीनंच बसलेले असतात म्हणून त्याचा उजेड एक्सायमरसारखाच असतो. तुझ्या सुयांमध्ये माझा अंदाज असा की अमाइडची एनएच-ओ साखळी एका दिशेनं चाललीय, अशा साखळीत मॉलिक्यूल ते मॉलिक्यूल अंतर साधारण ५ अँगस्ट्रॉम पडतं. पायरीनला त्यात नीट समोरासमोर यायला जमत नाही, तो कलतो, सरकतो, आणि एकट्यासारखा निळा चमकतो. घोटलंस की साखळ्या मोडल्या, पायरीन जवळ जो सापडेल त्याला बिलगले, पिवळं. वाफ दिली की मॉलिक्यूलना हलायला थोडी मोकळीक मिळाली, साखळी परत जुळली, निळं. सुया म्हणजे एका दिशेनं भराभर वाढ, तेही साखळीशी जुळतं.

तरी लगेच एक्सायमर म्हणून छापून मोकळी होऊ नकोस. लाल बाजूला सरकणं हे इतर कारणांनीही होतं. ट्रान्झिशन डायपोल (मॉलिक्यूल ज्या दिशेनं उजेड पकडतं ती दिशा) एकापुढे एक असे तिरके सरकून बसले, म्हणजे रांगेच्या दिशेशी त्यांचा कोन ५४.७ अंशांपेक्षा कमी असला, तर जे-अ‍ॅग्रिगेट होतं (जेली नावाच्या माणसाचा जे, १९३६), त्यात अ‍ॅब्सॉर्प्शनसुद्धा लाल बाजूला जातं आणि पट्टा अरुंद, टोकदार होतो. कोन त्याहून जास्त, म्हणजे भाकरीवर भाकरी, तर एच प्रकार, अ‍ॅब्सॉर्प्शन निळ्या बाजूला आणि उजेड बहुतेकदा मंद. ह्याचा नीट हिशोब काशा यांनी बसवून दिला. मी माझं नाव त्या कोनावरूनच घेतलंय, असो. एक्सायमर ओळखायची सोपी खूण म्हणजे एक्सायटेशन स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीनं उजेड पेटतो त्याचा आलेख), तो एकट्या मॉलिक्यूलसारखाच दिसतो कारण ग्राउंड स्टेटमध्ये जोडी नसतेच, आणि लाइफटाइम (उजेड विझायला लागणारा वेळ) सहसा लांबतो. अजून एक भानगड, जाड खड्यातून बाहेर पडताना उजेडाचा निळा भाग खडा स्वतःच गिळतो, त्यामुळे नुसत्या जाडीनंसुद्धा रंग जरासा लाल बाजूला सरकलेला दिसतो. ७५ नॅनोमीटर त्यानं होणार नाहीत पण दहापंधरा होतात, आणि लोक त्याच्यावर पेपर लिहून मोकळे होतात.


गणितातला_ढ

मी ह्या क्षेत्रातला नाही पण पंगतीमुळे वाचत गेलो. दोन बाळबोध प्रश्न. १) लहानपणी अंधारात खडीसाखर दाताखाली फोडली की निळसर ठिणगी दिसायची, तेही हेच का? २) ह्या सगळ्याचा उपयोग काय?


तिरका_कोन

ढ साहेब, खडीसाखर वेगळी. तिथं खडा फुटताना फुटलेल्या दोन बाजूंवर उलट चार्ज येतो आणि मधल्या हवेतला नायट्रोजन चमकतो, छोटी वीज पडल्यासारखं. म्हणजे टॉर्च लागत नाही, फोडण्यातूनच उजेड. मैनाच्या पावडरीला टॉर्च लागतोच, घोटल्यानं फक्त उजेडाचा रंग बदलतो. पहिल्याला ट्रायबोल्युमिनेसन्स, दुसऱ्याला मेकॅनोक्रोमिझम म्हणतात आणि हा घोटाळा पीएचडीच्या व्हायव्हामध्येसुद्धा होतो.

उपयोगाचं खरं सांगू का, ह्या विषयावरच्या पेपरांच्या शेवटच्या परिच्छेदात सेन्सर, सिक्युरिटी इंक आणि मेमरी हे तीन शब्द असतातच असतात, आणि त्यातलं बाजारात आलेलं फार थोडं. मला स्वतःला उपयोगापेक्षा हे भारी वाटतं की मॉलिक्यूल न बदलता रंग बदलतो, म्हणजे एरवी दहा नवीन कंपाऊंड बनवायला दोन वर्षं जातात तिथं एक कंपाऊंड आणि चार सॉल्व्हंट पुरतात. व्हर्जिनिया विद्यापीठात कॅसँड्रा फ्रेझर यांच्या ग्रुपनं २०१० मध्ये अ‍ॅव्होबेन्झोन घेतलं, म्हणजे सनस्क्रीनमध्ये असतं ते, त्याला बोरॉनचा डायफ्लोराइड बसवला आणि त्याचे वेगवेगळे क्रिस्टल वेगवेगळ्या रंगात चमकतात हे दाखवलं. त्याचा थर कागदावर देऊन त्यावर दांडीनं लिहिलं तर अक्षरं वेगळ्या रंगात दिसतात आणि काही वेळानं आपोआप पुसट होतात. पाटी-पेन्सिलच म्हणा. उपयोग काय ते तुम्ही ठरवा.


ओली_मापं

धागा उशिरा बघितला. तिरका_कोन यांचं विवेचन झकास, वाचनखूण साठवली. पण मैनानं जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात आणि सगळ्यांनी त्या ओलांडून उडी मारली. खडे कॅपिलरीत "आधी पांढरे पडतात मग वितळतात". आणि उघड्यावर "कडेनं धुरकट होतात". अगं ती धूळ नाही. धूळ कडेनं आत आत शिरत नाही.

तुझे खडे क्लोरोफॉर्म पोटात घेऊन बसलेत असं मला वाटतं. सॉल्व्हेट म्हणतात त्याला. उघड्यावर राहिले की क्लोरोफॉर्म उडून जातो, आतली घडी मोडते, पारदर्शकपणा जातो. कॅपिलरीत तेच घाईनं होतं. आणि वितळेपर्यंत क्लोरोफॉर्म गेलेला असतो म्हणून मेल्टिंग पॉइंट सुयांचाच येतो.

आता म्हणशील एनएमआरमध्ये का नाही दिसला. कारण तू सीडीसीएल३ वापरलंस! क्लोरोफॉर्मचं पीक ७.२६ ला, आणि सीडीसीएल३ मधल्या उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचं पीक पण ७.२६ लाच. चोर पोलिसाचा युनिफॉर्म घालून पोलिसातच उभा आहे. डीएमएसओ-डी६ ह्या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये काढ, तिथं क्लोरोफॉर्म ८.३२ ला येतो. ही चूक मी स्वतः केलीय, आणि त्यापायी एक पॉलिमॉर्फ (म्हणजे त्याच कंपाऊंडचा नवा क्रिस्टल फॉर्म) सेमिनारमध्ये मोठ्या थाटात जाहीरसुद्धा केला होता, पुढं काय झालं ते विचारू नका.


तिरका_कोन

अरे हो की! खड्यांवर नंतर येतो म्हटलं आणि आलोच नाही. क्लोरोफॉर्मचं माझ्या डोक्यातच आलं नाही. फक्त एक, पायरीनचे स्वतःचे प्रोटॉन डीएमएसओमध्ये ८ ते ८.५ च्या मधे गर्दी करून असतात, त्यात ८.३२ शोधणं म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाला कुणाला तरी शोधणं. सुयांचा आणि खड्यांचा एनएमआर एकाच दिवशी एकाच सॉल्व्हंटमध्ये काढून एकाखाली एक ठेवले तर एक जास्तीची टोकदार काडी दिसेल कदाचित. त्यापेक्षा टीजीए (तापवत तापवत वजन मोजणं) कर, वजन जातंय की नाही ते सरळ कळेल.


ओली_मापं

बरोबर, टीजीए. आणि खडे बाहेर काढून वाळवत बसू नकोस, मदर लिकरमधून (ज्या द्रावणात वाढले त्यातून) काढ, फिल्टर पेपरवर टेक आणि लगेच पॅनमध्ये.

आणि ह्यात अजून एक मजा आहे. क्लोरोफॉर्मला लोक नुसता सॉल्व्हंट समजतात पण त्याचा एकुलता एक हायड्रोजन तीन क्लोरीननी ओढलेला, म्हणजे चांगला चिकट असतो. तो अमाइडच्या ऑक्सिजनला जाऊन धरत असेल, सीएच-ओ. मग तो ऑक्सिजन एनएचच्या साखळीला पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही, साखळी तुटली, आणि पायरीनना जोडीनं समोरासमोर बसायला जागा झाली. म्हणजे इवल्याशा सीएच-ओ बाँडनं रंग बदलला, स्वतः एक पै न खर्चता. सिंगल क्रिस्टल झाल्याशिवाय छातीठोक सांगत नाही पण वास तसाच येतोय.

अवांतर आहे पण सांगायलाच हवं. सीएच-ओ हा हायड्रोजन बाँड आहे हे १९६२ मध्ये जून सूटर नावाच्या बाईंनी क्रिस्टल स्ट्रक्चर्सच्या आधारानं मांडलं होतं. त्यांना वेड्यात काढलं लोकांनी, डोनोह्यू नावाच्या मोठ्या क्रिस्टलोग्राफरनं १९६८ मध्ये ते जवळजवळ निकालात काढलं, आणि त्या ह्या विषयातून बाजूलाच झाल्या. १९८२ मध्ये टेलर आणि केनर्ड यांनी न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनची ११३ स्ट्रक्चर्स तपासली आणि बाईंचं म्हणणं खरं निघालं. पुढं आपल्याकडे गौतम देसिराजू यांनी, आधी हैदराबाद विद्यापीठात मग बंगलोरला आयआयएस्सीत, सीएच-ओ वर इतकं काम केलं की आता बीएस्सीची पोरंपण कॅज्युअली सीएच-ओ म्हणतात. मैनानं पण वर म्हटलंय आणि वर त्याला "एवढासा जीव" म्हणून हिणवलंय.


जुना_डेमॉन्स्ट्रेटर

तुमच्या चर्चेनं आमचे दिवस आठवले. आम्ही टीवायला पिक्रेट करायचो. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन आणि पिक्रिक अ‍ॅसिड, दोन्ही गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून एकत्र ओतायचे, पिवळ्याधमक सुया पडायच्या. अँथ्रासीन घेतलं तर तांबडालाल. पिक्रिक अ‍ॅसिड फिकट पिवळं, अँथ्रासीन जवळजवळ पांढरं, मग लाल आलं कुठून हे आम्ही सरांना विचारलं तर सर म्हणाले डेरिव्हेटिव्ह आहे, लिहून घ्या. पुढं मी स्वतः डेमॉन्स्ट्रेटर झालो तेव्हा पोरांनी विचारलं, मीही तेच सांगितलं. हल्ली पिक्रिक अ‍ॅसिड वाळलं की स्फोट होतो म्हणून बऱ्याच कॉलेजांनी बंद केलंय, ते ठीकच आहे, बाटलीचं झाकण उघडताना आमचेही हात थरथरायचे. तर तो लालपणा ह्याच प्रकारातला का?


तिरका_कोन

काका, अगदी ह्याच घराण्यातला, चुलतभाऊ. एक मॉलिक्यूल इलेक्ट्रॉन द्यायला तयार, दुसरा घ्यायला टपलेला, दोघं एकावर एक रचले की शेजाऱ्याकडे इलेक्ट्रॉन सरकण्याची एक नवीनच उडी तयार होते जी दोघांपैकी एकट्याकडे नसते. नॅप्थलीनमधून इलेक्ट्रॉन काढायला ८.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि अँथ्रासीनला ७.४, म्हणून अँथ्रासीनची उडी लहान आणि रंग लाल. बाँड इथंही नाही झाला, वितळवलं की दोघं सुटे. फक्त पिक्रेट चमकत नाहीत, नायट्रो ग्रुप उजेड मारून टाकतो. पिक्रिक अ‍ॅसिडच्या जागी टेट्रासायनोबेन्झीन घेतलं तर मात्र हीच गंमत उजेडातपण दिसते, नॅप्थलीनवरून अँथ्रासीनवर गेलं की चमक लाल बाजूला सरकते. ह्यालाच आता को-क्रिस्टल म्हणतात आणि त्यावर ग्रँट मिळते. केंब्रिजमध्ये यान आणि जोन्स यांनी २०११ मध्ये स्टिल्बीन प्रकारच्या एका डायला वेगवेगळे जोडीदार देऊन, काही हायड्रोजन बाँडनं तर काही हॅलोजन बाँडनं (हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन-आयोडीनसारखा हॅलोजन) जोडून, तोच डाय वेगवेगळ्या रंगात चमकवून दाखवला.

हॅलोजन बाँड निघालाच आहे तर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण त्याच वर्षीचं, मिशिगन विद्यापीठात जिनसांग किम यांच्या ग्रुपचं. ब्रोमीन असलेला एक अ‍ॅल्डिहाइड, सोल्युशनमध्ये त्याचा फॉस्फोरेसन्स (ट्रिपलेट स्टेटमधून येणारा, रेंगाळणारा उजेड) बघायलाही मिळत नाही, हललं बोललं की एनर्जी उष्णतेत जाते. क्रिस्टल केला की शेजारच्याचं ब्रोमीन ह्याच्या कार्बोनिलच्या ऑक्सिजनला नाक लावून बसतं, अ‍ॅल्डिहाइड जागच्या जागी जखडतो, वर ब्रोमीनसारखा जड अ‍ॅटम नेमका मोक्याच्या जागी आल्यानं सिंगलेटचं ट्रिपलेट व्हायला मदत होते. हिरवा फॉस्फोरेसन्स, रूम टेंपरेचरला, इरिडियम प्लॅटिनम काही नाही. तरी नुसत्या अ‍ॅल्डिहाइडचे सगळे मॉलिक्यूल एकमेकांचा उजेड खातात म्हणून त्यांनी त्याला त्याच्याच जवळजवळ जुळ्या भावात, म्हणजे अ‍ॅल्डिहाइडच्या जागी दुसरं ब्रोमीन असलेल्या कंपाऊंडात, थोडा थोडा पेरला आणि क्वांटम यील्ड (गिळलेल्या फोटॉनपैकी किती उजेड म्हणून परत येतात) ५५ टक्क्यांपर्यंत नेलं. पंगतीत दोन भांडकुदळ पाहुण्यांच्या मधे शांत माणसं बसवतात तसं.


बंड्या_सेंद्रिय

हे सगळं एआयई (अ‍ॅग्रिगेशन-इंड्यूस्ड एमिशन) आहे ना? ते टांग यांचं, हाँगकाँगचं, २००१ वालं? सरळ एआयई म्हणा की.


ओली_मापं

नाही हो बंड्याभाऊ. एआयई म्हणजे सोल्युशनमध्ये विझलेलं आणि गोळा झालं की पेटलेलं, कारण फिरणारे हातपाय बांधले जातात. मिशिगनवालं थोडंफार त्या बाजूला जातं. मैनाचं कंपाऊंड सोल्युशनमध्येही छान चमकतंय, फक्त घन अवस्थेत रंग बदलतोय. हल्ली जे काही पावडरमध्ये चमकेल त्याला एआयई म्हणायची टूम आहे.


गणितातला_ढ

म्हणजे हळद यूव्हीत चमकते तिचंही असं काही असेल का? सहज विचारलं.


ओली_मापं

पिवळाहिरवा उजेड तो कर्क्युमिनचाच. आणि कर्क्युमिनचेही वेगवेगळे क्रिस्टल फॉर्म आहेत बरं का, एक आधीपासून माहिती होता आणि २०११ मध्ये हैदराबाद विद्यापीठात अश्विनी नांगिया यांच्या ग्रुपनं आणखी दोन शोधले, ते पुढं पुण्याला एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) डायरेक्टर झाले. तिथं उजेडापेक्षा औषध म्हणून विरघळतं किती हा प्रश्न होता, पण मूळ गोष्ट तीच, मॉलिक्यूल तोच आणि मांडणी वेगळी. घरच्या हळदीत मात्र स्टार्च, तेल, काय काय असतं, त्यामुळे स्वयंपाकघरात टॉर्च मारून निष्कर्ष काढू नका.


लॅबमधली_मैना

बापरे, चार दिवस इकडे आले नाही तर एवढं सगळं. सगळ्यांचे खूप आभार, पंगतीचं डोक्यात फिट्ट बसलं. प्रगती सांगते.

पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टलची मांडणी तपासणं) झाला. सुयांचे पीक टोकदार. घोटलेल्या पावडरीचे जवळजवळ सगळे गेले, नुसता एक रुंद कुबडा राहिलाय, म्हणजे अमॉर्फस. वाफ दिल्यावर सुयांचेच पीक परत आले, जरा बुटके. खड्यांचे पीक ह्या दोन्हीशी जुळत नाहीत, वेगळेच आहेत. आणि उघड्यावर ठेवून धुरकट झालेल्या खड्यांचा काढला (हे मला स्वतःला सुचलं!) तर त्यात सुयांचे पीक दिसायला लागलेत, आणि टॉर्च मारला तर कडेला निळं मधे पिवळं. फोटो इतका सुंदर आलाय की मोबाइलचा वॉलपेपर केलाय.

म्हणजे घोटलेली पिवळी आणि खड्यांची पिवळी ह्या दोन वेगळ्या पिवळ्या आहेत, बरोबर ना? मी इतके दिवस एकच धरून चालले होते. टीजीएचा नंबर पुढच्या आठवड्यात लागेल.


तिरका_कोन

शंभर टक्के वेगळ्या. एकीत पायरीन जोड्या लावून शिस्तीत बसलेत, दुसरीत सहाच्या लोकलमधल्यासारखे जो सापडेल त्याच्या अंगावर. एमिशनच्या पट्ट्याची रुंदी मोजून बघ, घोटलेलीचा पट्टा जास्त पसरट असायला हवा. आणि तो कडेला निळा मधे पिवळा खडा जपून ठेव, थीसिसच्या कव्हरवर टाक.


लॅबमधली_मैना

टीजीए आला!! साधारण ७० ते ११० डिग्रीच्या मधे १३ टक्के वजन गेलं, सुयांमध्ये तिथं सरळ रेष. हिशोब केला तर दोन मॉलिक्यूलमागे एक क्लोरोफॉर्म येतो. दोन पायरीनची जोडी आणि त्यांना एक क्लोरोफॉर्म, ओली_मापं यांच्या अंदाजाशी जुळतंय असं वाटतंय. डीएमएसओमधला एनएमआर पण काढला, दादर स्टेशनवर खरंच एक जास्तीची काडी उभी आहे ८.३२ ला. सिंगल क्रिस्टलसाठी मदर लिकरमधले दोन चांगले खडे तेलात बुडवून पाठवलेत.

सरांना सगळं नेऊन दाखवलं. त्यांनी टीजीएचा ग्राफ बराच वेळ बघितला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, इम्प्युरिटी आहे म्हणून?"


बंड्या_सेंद्रिय

सरांना माझा नमस्कार सांग.